माइकची बहिरी बाजू

१

स्टुडिओत शिरताना बूट काढायचे, हा नियम फक्त बायकांना होता. पुरुष रबरी तळव्यांचे जोडे घालून खुशाल वावरत. पण बाईच्या टाचेचा एक टक आवाज झाला, तर गोष्टीतल्या धुळीच्या रस्त्यावर फरशी कुठून आली असं ऐकणाऱ्याला वाटलं असतं. म्हणून दाराबाहेरच्या बाकाखाली बायकांचे बूट रांगेत ठेवलेले असत. घड्याळ, कडं, अंगठी, वाजेल ते सगळं उतरवायचं. मर्ल ट्रेगिअर आपली लग्नाची अंगठी डाव्या बुटाच्या टोकात सरकवून ठेवायची. सात वर्षांची सवय होती ती.

‘वारंडीचा उतार’ ही रेडिओमालिका १९४२ सालापासून सिडनीत रोज सकाळी सव्वादहाला लागत असे. त्यात नदीच्या उताराशी टपालकचेरी सांभाळणारी नेल गॅरिक, ते मर्लचं काम. नेल पहिल्या भागात अठ्ठावीस वर्षांची होती आणि आता, १९५१ सालीही, अठ्ठावीसचीच होती. मर्लच तेवढी सत्तेचाळीसची झाली होती. रेडिओवर वय दिसत नाही हे या धंद्यातलं सुख, आणि कधी ना कधी ऐकू येतं हे दुःख. धाकट्या बहिणीचं काम करणारी वॅल्डा किन्सेला तेवीस वर्षांची होती. तिच्या गळ्यातला तो ताजेपणा ऐकला की मर्लच्या पोटात दुखायचं.

एका सकाळी चार भाग व्हायचे. आवाज थेट तबकडीवर कोरला जाई. मध्ये कुणी खोकलं की पंधरा मिनिटांचा सगळा भाग पहिल्यापासून. त्यामुळे कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नसे. नजर कागदावर, वाचून झालेलं पान अलगद गालिच्यावर सोडायचं, की पुढचं. निर्माता लॉरिमर हफ काचेमागे घड्याळ बघत बसे. पावलांच्या, दारांच्या आवाजांसाठी खडीच्या परातीत चालणारा, खोटी दारं उघडमिट करणारा म्हातारा विल्फ स्वतःच्या हातांकडे बघे. मर्लच्या डोळ्यांचा रंग विचारला असता तर दोघांनीही कानावर हात ठेवले असते.

मधोमध माइक. तो पुढून ऐके, मागून ऐके, पण दोन्ही कुशींना ठार बहिरा. दूर जायचं असलं किंवा मरायचं असलं, की नट बोलता बोलता मागे सरकत त्या बहिऱ्या बाजूला जाई आणि आवाज आपोआप विरून जाई. तिथे गेल्यावर लाल दिवा विझेपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा. आजवर हा नियम मर्लनं कधी मोडला नव्हता.

२

मर्लचा नवरा क्लॅरी आंधळा होता. महायुद्धात, तोब्रुकच्या लढाईत डोळे गेले, आणि परत आल्यावर इस्पितळाच्या वॉर्डात रेडिओवर त्यानं नेल ऐकली. नर्सकडून पत्र लिहून घेतलं, मग दुसरं, मग दहावं. चव्वेचाळीस साली लग्न झालं. ‘मी तुला कधी पाहिलीच नाही, म्हणून तू कधी म्हातारी होणार नाहीस,’ असं तो तेव्हा म्हणाला होता. तेव्हा मर्लला ते फार गोड वाटलं होतं.

ॲनन्डेलच्या त्यांच्या घरात तो दिवसभर खुर्च्यांना वेत विणत बसे. मर्ल दुपारी घरी येई ती तोंड मिटून. गळा हेच भांडवल, ते जपायला हवं. तिनं एक पद्धत पाडली होती: बोटानं टेबलावर एकदा वाजवलं तर हो, दोनदा वाजवलं तर नाही. क्लॅरी बिचारा विचारत राही, ही टकटक करत राही. सव्वादहाला मात्र तो हातातलं काम बाजूला ठेवी आणि पंधरा मिनिटं बायकोचा आवाज ऐकून घेई. नेलच्या वाट्याला वाक्यं, याच्या वाट्याला टकटक. त्यानं कधी तक्रार केली नाही, म्हणून मर्लनंही कधी विचार केला नाही.

जूनमध्ये तिचा घसा बसला. डॉक्टरांनी गुंगीचं औषध दिलं आणि आठवडाभर अंथरुणातून उठायला बंदी केली. आपल्याशिवाय त्यांनी काय केलं हे परत गेल्यावर तिनं विचारलं नाही. वॅल्डानं वेळ निभावली असं कुणी सांगितलं असतं, तर ते ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती.

तीन आठवड्यांनी ते भाग रेडिओवर लागले. त्या सकाळी काम नव्हतं, मर्ल स्वयंपाकघरात उभी होती. नेल बोलत होती. नेल हसली. गळ्यात खोल सुरू होऊन नाकाशी येऊन फुटणारं ते हसू मर्लचंच होतं. पण ते सहा-सात वर्षांपूर्वीचं, तिला आता जमत नसलेलं.

“किती दिवसांनी असं हसलीस,” क्लॅरी म्हणाला.

“मी नाहीये ती.” घसा जपायचं विसरून ती बोलून गेली.

“नवऱ्याला बायकोचा आवाज शिकवतेस?”

“क्लॅरी, मी त्या आठवड्यात अंथरुणात होते.”

“सोमवारी होतीस. बुधवारी उठून गेलीस की. पायरीवर बसून बूट घातलेस ते ऐकलं मी.” त्यानं वेताची दोरी ओठात धरून ओली केली. “जाताना ‘येते रे’ म्हणालीस. बरं वाटलं.”

३

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत लवकर गेली. तिचा तर्क साधा होता: वॅल्डानं नक्कल केली आणि सगळ्यांनी मिळून तिला मूर्ख बनवलं. क्लॅरीचं काय, तो अर्धा दिवस पेंगतो, कुणाचे तरी बूट ऐकले असतील.

हजेरीच्या वहीत त्या बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी तिची सही होती. ‘ट्रेगिअर’मधल्या शेवटच्या अक्षराची शेपटी तिची तीच. तिनं ती नखानं खरवडूनही पाहिली.

विल्फ परातीत नवी खडी ओतत होता. गेल्या महिन्यात आपल्या जागी कोण होतं, असं तिनं त्याला सरळच विचारलं.

“तुझ्या जागी तूच, पोरी,” विल्फ म्हणाला. “माझे पाय खडीत आणि डोळे तुझ्या ओळींवर. चेहरा कोण बघतंय? नेहमीपेक्षा बरी होतीस एवढं आठवतं.”

तो नेहमीपेक्षा बरी म्हणाला हे तिला वहीतल्या सहीपेक्षा जास्त लागलं.

वॅल्डाला गाठलं तेव्हा पोरीचे डोळे भरून आले. त्या गुरुवारी मिस ट्रेगिअरनी तिला बाजूला घेऊन पोटातून श्वास कसा सोडायचा ते दाखवलं होतं. दोन वर्षांत तिच्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं, आभार मानायचे राहून गेले होते. दोन वर्षांत मर्लनं या मुलीला साधं ‘छान’ म्हटलं नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ही पोरगी खोटं बोलत असती तर बरं झालं असतं. पण तिचा चेहरा खोटं बोलत नव्हता.

४

मग बूट दिसले.

एका मंगळवारी स्टुडिओत बायका दोनच होत्या, मर्ल आणि वॅल्डा. बाहेर येऊन पाहते तर बाकाखाली तीन जोड. वॅल्डाचे काळे, मर्लचे तपकिरी, आणि मर्लच्या शेजारी आणखी एक तपकिरी जोड. तोच आकार, त्याच दुकानाचा शिक्का. फरक एवढाच की मर्लच्या टाचा बाहेरच्या अंगाला झिजल्या होत्या आणि या कोऱ्या होत्या.

आपल्यासारखाच जोड दुसऱ्या कुणी घेतला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. शेजारच्या स्टुडिओतली बाई चुकून इथे ठेवून गेली असेल. सिडनीत तपकिरी बूट काय कमी आहेत? बाकावर बसून तिनं बराच वेळ वाट पाहिली. वॅल्डा आपले बूट घालून गेली, दुसरं कुणी आलं नाही. शेवटी भूक लागली म्हणून ती निघाली आणि कोपऱ्यावरून मागे वळून पाहिलं, तर बाकाखाली काही नव्हतं.

त्याच आठवड्यात गालिच्यावरची आपली पानं गोळा करताना तिला एक जास्तीचं पान मिळालं. चालू भागातलंच, तिच्याच ओळींचं. समासात पेन्सिलीनं खुणा होत्या: इथे थांब. इथे मनात हस. इथे त्याचं नाव घेतल्यासारखं बोल. अक्षर मर्लचं होतं, खुणा मात्र मर्लला कधी सुचल्या नव्हत्या. तिनं त्या वाचल्या आणि ओळ पुटपुटून पाहिली. तशी म्हटली तर ओळ जास्त चांगली लागत होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. भीती वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही. पण आधी राग आला.

५

घरात क्लॅरी बदलत चालला होता. दाढी रोज होऊ लागली. विणताना शीळ घालू लागला. एका दुपारी सहज म्हणाला, “काल वाचून दाखवलंस ना, त्या देवमाशावाल्या माणसाचं पुढे काय झालं ते आज वाच.”

मर्लनं वर्षभरात त्याला वर्तमानपत्राचा मथळासुद्धा वाचून दाखवला नव्हता. टेबलावर एक पुस्तक पालथं पडलेलं होतं. बशीत मटणाच्या सँडविचचा उरलेला कोपरा होता, कडा कापलेला. कडा कापायचे कष्ट तिनं लग्नानंतर पहिल्याच वर्षी सोडून दिले होते.

नवरा बाहेरख्याली निघाला तर बाई त्या दुसरीच्या झिंज्या तरी उपटू शकते. इथे सवत कोण? तर आपलाच आवाज. सांगणार कुणाला? आणि सांगून वर ऐकावं लागणार, की बाई गं, मग तू का नाही बोललीस त्याच्याशी?

एका गुरुवारी काम नव्हतं. सव्वादहाला ती मुद्दाम त्याच्यासमोर, आवाज न करता खुर्चीत बसली. रेडिओत नेल म्हणाली, “चहा झाला का?”

मग शांतता. रेडिओवर एवढी शांतता कुणी ठेवत नाही. लॉरिमरनं घड्याळ फेकून मारलं असतं.

“झाला,” क्लॅरी हळूच म्हणाला.

“आणि पाठ?”

“बरी आहे आता.”

“उगाच वाकून बसू नकोस रे,” नेल म्हणाली, आणि क्लॅरी ताठ बसला. ओठांवर हसू होतं.

मर्लला ते पान आठवत होतं. नेल हे सगळं होडीवाल्या म्हाताऱ्याला विचारते आणि म्हातारा उत्तरं देतो. तिनंच ते वाचलं होतं, तीन आठवड्यांपूर्वी. म्हातारा कुठे गेला?

“होडीवाल्याचं बोलणं ऐकलंस तू?” तिनं विचारलं.

क्लॅरी दचकला. ती समोर आहे हे त्याला माहीतच नव्हतं. आणि दचकल्यानंतर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिनं नीट पाहिलं. बायकोनं पकडल्यावर येतं तेच.

६

मर्लनं ठरवलं, नेल मरायला हवी.

लॉरिमरनं तिला वेड्यात काढलं. नेल मेली तर तुझंही काम गेलं, मग खाणार काय, घरी बसून टकटक करणार? त्याला ती टकटक ठाऊक होती. सगळ्या स्टुडिओला ती थट्टा ठाऊक होती. पण मर्ल हटून बसली. नेल राहिली तर मी उद्यापासून येणार नाही, एवढंच म्हणाली. नदीला पूर आणायचं मालिकेच्या लेखिकेच्या मनात होतंच. शेवटी नेल पुरात वाहून जाईल असं ठरलं.

मर्लचा हिशेब पक्का होता. नेल गेली की आवाज उरेल तो सगळा क्लॅरीचा. ती त्याच्याशी सकाळपासून बोलेल. देवमाशावाल्याचं पुस्तक शेवटपर्यंत वाचेल. सँडविचच्या कडा कापेल. तिला तो परत हवा होता, आणि त्यासाठी नऊ वर्षांचा मान सोडायला ती तयार होती. असं तिनं आधी कधीच काही सोडलं नव्हतं.

त्या दिवशी बाकाखाली तिनं नीट मोजलं. दोनच जोड. वॅल्डाचा आणि तिचा. अंगठी डाव्या बुटाच्या टोकात. आली नाही, असं मनात म्हणून ती आत गेली.

उघड्या रानातला आवाज हवा म्हणून माइकच्या पलीकडे जाड कापडाचा पडदा उभा केला होता. विल्फनं पाण्याचा टब घुसळायला घेतला. लाल दिवा लागला. धाकटी बहीण काठावरून ओरडते, नेल पाण्यात, हात सुटतो. मर्लनं कधी लावला नव्हता असा आवाज लावला. घसा आतून फाटल्यासारखा झाला, तरी थांबली नाही. शेवटची हाक मारत ती एकेक पाऊल मागे सरकली, माइकच्या कुशीला, बहिऱ्या बाजूला, आणि तिथे गप्प झाली. नेल मेली.

पुढे फक्त पाणी वाजायचं होतं.

“हात दे,” नेल म्हणाली.

वॅल्डा वाचत होती. विल्फ टबाकडे बघत होता. लॉरिमर घड्याळाकडे. आवाज पडद्याच्या मागून, माइकच्या दुसऱ्या तोंडाकडून येत होता. धाप लागलेला, भिजलेला, जिवंत आवाज. पडद्याच्या खालच्या फटीतून मर्लला मोज्यांमधली दोन पावलं दिसली. त्यांच्याजवळ एक पान अलगद येऊन पडलं. मग दुसरं.

एक खोकला पुरला असता. मर्लनं नुसता हात आपटला असता तरी तबकडी वाया गेली असती, सगळं पहिल्यापासून झालं असतं. पण लाल दिवा चालू होता. लाल दिवा चालू असताना बहिऱ्या बाजूला उभं राहिलेलं माणूस आवाज करत नाही. तिचं तोंड उघडलं आणि नऊ वर्षांच्या सवयीनं मिटलं. ती दिव्याकडे बघत राहिली. नेलला काठावर ओढून घेण्यात आलं, नेल रडली, नेल हसली, तेच ते हसू, आणि मग दिवा विझला.

“झकास, मर्ल,” काचेमागून लॉरिमरचा आवाज आला. “सकाळी तू सुचवलेला शेवटच बरा. उगाच मारत होतो आपण तिला.”

मर्ल बोलायला गेली. गळ्यातून खरखर निघाली, दार घासल्यासारखी. कुणी वळून पाहिलं नाही. ती पडद्यामागे धावली. तिथे गालिच्यावर तिच्या अक्षरातली पानं पडली होती, बाकी कुणी नव्हतं. बाहेरच्या बाकाखाली वॅल्डाचे काळे बूट होते. तेवढेच.

७

ती ट्रामनं मोज्यांवरच घरी आली. कंडक्टरनं पायांकडे पाहिलं आणि तिकीट मागायचं विसरला.

दार उघडं होतं. दुपारचं ऊन थेट खुर्चीपर्यंत आलं होतं आणि क्लॅरी तिथे गुडघ्यात चौकट धरून विणत होता.

“क्लॅरी,” ती म्हणाली. तिचं तिलाच ते ओळखू आलं नाही.

त्यानं मान वर केली. अनोळखी माणसासाठी ठेवलेला नम्र चेहरा केला. “कोण? बाई, तुमचा घसा फार बसलाय हो. मालकीणबाई घरात नाहीत. येतीलच एवढ्यात.”

तिनं पुढे होऊन त्याचा हात धरला. वेतानं घट्टे पडलेली त्याची बोटं तिच्या बोटांवरून फिरली, जिथे अंगठी असायला हवी तिथे थांबली, आणि त्यानं हात सौजन्यानं सोडवून घेतला.

मग तिनं वाकून टेबलावर बोटानं एकदा वाजवलं. हो.

क्लॅरी निश्चल झाला. वेत हातातून सुटला. तिला वाटलं, आता. तिनं पुन्हा वाजवलं.

“गंमत आहे,” तो हळू म्हणाला. “माझी बायको असं करायची. फार वर्षं. दिवस दिवस मी त्या टेबलाशीच बोलत होतो म्हणा ना.” तो थोडा हसला. “आता नाही करत. आता बोलते माझ्याशी.”

मागे पायरीवर टाचांचा आवाज आला. त्या टाचा बाहेरच्या अंगाला झिजलेल्या होत्या. त्यांचा तिरका ठेका मर्लला पाठ होता. कुणीतरी पायरीवर बसलं. एक बूट निघाला, मग दुसरा, आणि बुटातून काहीतरी बारीक, धातूचं, फरशीवर पडून वाजलं, आणि उचललं गेलं.

“आलीच बघा,” क्लॅरी म्हणाला आणि त्यानं दाराकडे तोंड केलं.

त्याचा चेहरा उजळला. इस्पितळाच्या वॉर्डात, तिनं पहिल्यांदा त्याच्या खाटेशी उभं राहून तोंड उघडलं होतं, तेव्हा उजळला होता तसा. त्यानंतर असा तो तिनं कधी पाहिला नव्हता.

पाठीमागे दारात कुणीतरी श्वास आत घेतला, बोलायच्या आधी घेतात तसा, पोटातून. मर्लनं वळून पाहिलं नाही. ती सरकलीही नाही. दार आणि खुर्ची यांच्या बरोबर मधे ती उभी राहिली, म्हणजे तो चेहरा तेवढा वेळ तरी तिच्याकडेच वळलेला राहील.